बंगळूरला निवड झाली, पण घरात कोणी खूश नाही

प्रिय मावशी,

मी मिरजेची. यंदा कला शाखेतून बारावी झाले, 84 टक्के मिळाले. शाळा आणि ज्युनिअर कॉलेज दोन्ही मराठी माध्यमाचं. मला मानसशास्त्र शिकायचं आहे. बंगळूरच्या ख्राइस्ट युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि निवड झाल्याचं पत्र आलं. दहा दिवसांत फी भरायची आहे.

घरात मात्र कोणी खूश नाही. बाबा सतारी-तंबोरे बनवतात. त्यांचं म्हणणं, एवढी फी आणायची कुठून, आणि एकदा भरली की ती गेलीच. त्यापेक्षा फर्ग्युसनची यादी लागेपर्यंत थांब. आजी म्हणते, ख्रिस्त्यांच्या कॉलेजात पाठवाल तर पोरगी हातची जाईल. शेजारचे काका म्हणतात, सीयूईटीचा निकाल अजून लागायचाय, मग हिची निवड झाली कशी, काहीतरी फसवणूक आहे. आतेभाऊ बंगळूरला नोकरीला आहे. तो म्हणतो, तिथं शाळेसारखी शिस्त आहे, 85 टक्के हजेरी लागते, जीन्स घालू देत नाहीत, तू वर्षभरात कंटाळशील. आई काहीच बोलत नाही.

आजीला आणि बाबांना पटवायला मला चार मुद्दे द्या.

आणि अजून एक. मुलाखतीच्या वेळी ऐनवेळी विषय देऊन दीड मिनिट इंग्रजीत बोलायला लावलं. मी दोनदा अडखळले, एकदा तर मराठी शब्दच तोंडात आला. तरी घेतलं. चुकून घेतलं असेल का?

— मिरजेची एक वाचक

*

प्रिय मुली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या प्रश्नापाशी थांबले. फी, हजेरी, आजी हे सगळं तू धीटपणे लिहिलं आहेस. हा प्रश्न मात्र पत्र पाकिटात घालता घालता लिहिल्यासारखा आहे. म्हणून आधी त्याचंच बोलते.

चुकून घेतलेलं नाही. तिथली निवड एका दीड मिनिटावर ठरत नाही. लेखी परीक्षा असते, ते बोलणं असतं, मुलाखत असते, दहावी-बारावीचे गुणही पाहतात. तू एका ठिकाणी अडखळलीस आणि तरी निवडली गेलीस, याचा सरळ अर्थ बाकीच्या ठिकाणी तू चांगली उतरलीस. शिवाय अडखळूनही तू बोलणं पूर्ण केलंस, हे तू लिहिलेलंच नाहीस. ते मी तुझ्या पत्रातून काढलं. मध्येच गप्प बसली असतीस तर तेही लिहिलं असतंस, इतकी तू प्रामाणिक दिसतेस.

इंग्रजीची भीती खरी आहे आणि पहिले काही महिने ती जाणार नाही. मी 1983 साली नगर जिल्ह्यातल्या एका गावातून पुण्याला शिकायला आले तेव्हा पहिले दोन महिने वर्गात काय चाललंय ते मला कळायचं नाही. सगळे हसले की मी हसायचे. मी राहायचे ते वसतिगृह नन्सचं होतं. तिथल्या एक सिस्टर वसईच्या होत्या, घरी आपल्यासारखंच मराठी बोलत वाढलेल्या. त्यांनी मला रोज सकाळी सहाला बोलवायला सुरुवात केली. अर्धा तास इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचायचा, एवढंच. अर्थ विचारायच्या नाहीत, चुका काढायच्या नाहीत. जीभ वळायला लागली की कान उघडतात, असं त्या म्हणायच्या. दिवाळीपर्यंत मला वर्गातलं कळायला लागलं आणि संक्रांतीला मी हात वर करून पहिला प्रश्न विचारला. प्रश्न अगदी साधा होता, पण मला अजून आठवतो.

तुझ्या बाबांच्या कारखान्यात तू हे पाहिलंच असशील. सतार पूर्ण तयार झाली, तारा चढल्या, तरी आवाज बसकाच येतो. मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर जवारी काढायला बसतात, थोडं घासायचं, तार छेडून ऐकायचं, परत घासायचं. नाद त्या वाद्यात असतोच. बाबांना विचार, नव्या वाद्याची जवारी एका बैठकीत कधी लागली आहे का.

तेव्हा आज संध्याकाळपासून पेपर मोठ्यानं वाचायला लाग. जायचं ठरो वा न ठरो.

आता मुद्द्यांचं. ते मी तुला देणार नाही. घरात मुद्दे मांडायला गेलीस की समोरूनही मुद्देच येतात आणि दहा दिवस त्यातच संपतात. तुझ्या घरच्यांना भीती वाटते आहे, आणि तिघांच्याही भीतीत काही ना काही खरं आहे. आजींच्या भीतीत थोडं, बाबांच्या बरंच, आणि आतेभाऊ जे सांगतोय ते तर सगळंच खरं आहे. काकांचं मात्र चुकलं, म्हणून ते आधी उरकते. 2022 पासून देशभरातल्या विद्यापीठांसाठी राष्ट्रीय चाचणी संस्था जी पदवी प्रवेश परीक्षा घेते तिला सीयूईटी म्हणतात. ख्राइस्टची स्वतःची वेगळी प्रवेश परीक्षा आहे आणि तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरंही नेमकी सीयूईटीच होतात. दोन परीक्षा, नाव एक. ख्राइस्टची परीक्षा टप्प्याटप्प्यानं आणि लवकर होते, म्हणून तुझा निकाल आधी लागला. तरी फी भरताना विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच भर. कोणाचा फोन आला, ‘ताई, सीट पक्की करून देतो, या खात्यात पाठवा’, तर फोन ठेवून दे. निवड झालेल्या मुलीला दलालाची गरज नसते.

आजींकडे वळते. आजींना सांग, हे विद्यापीठ कॅथलिक धर्मगुरूंच्या सीएमआय नावाच्या संघाचं आहे. हा संघ 1831 साली केरळात सुरू झाला. त्याच्या संस्थापकांपैकी एक कुरियाकोस एलियास चावरा. त्यांनी 1846 साली मन्नानम गावी जी शाळा काढली ती संस्कृतची होती. त्यांना 2014 साली पोपनी संतपद दिलं. बंगळूरचं कॉलेज 1969 चं, आणि 2008 साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथं भिंतीवर क्रूस दिसेल, कार्यक्रमाच्या आधी प्रार्थना होईल, डिसेंबरात नाताळ मोठा होईल आणि तू त्यात गाणीही म्हणशील. यातलं काही आजींपासून लपवू नकोस. वर्षभरानं फोटो पाहून त्यांना कळलं तर त्यांचा तुझ्यावरचा विश्वास जाईल, आणि तो विश्वास प्रवेशापेक्षा मोठा आहे.

पण प्रार्थना चालू असताना शांत उभं राहणं वेगळं आणि धर्म बदलणं वेगळं. आपल्या संविधानाचं 28 वं कलम सांगतं की, राज्यानं मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर ती संमती पालकांची लागते. तुला अठरा पूर्ण झाली असतील तर ती संमती तुझी तूच द्यायची किंवा नाकारायची. तिथं देशभरातली, सगळ्या धर्मांची मुलं शिकतात. मूल्यशिक्षणाचे तास असतात, समाजकार्याचा विभाग आहे, तो मुलांना वस्त्यांमध्ये घेऊन जातो. भाषा उत्सव होतो तेव्हा वेगवेगळ्या प्रांतांची मुलं आपापल्या भाषेत आणि वेशात उतरतात. आजींची नऊवारी त्यासाठी आत्ताच मागून ठेव.

अजून एक गोष्ट आजींना विचार, मात्र वाद म्हणून नको, जवळ बसून विचार. मिरजेत राहून मिशनच्या दवाखान्याची पायरी त्या कधी चढल्या नाहीत का? डॉ. वानलेस यांनी 1894 साली तिथं रुग्णालय सुरू केलं आणि तेव्हापासून सांगली-कोल्हापूरपासून विजापूरपर्यंतची माणसं ‘मिरजेला नेऊ’ म्हणत पेशंटला घेऊन आली. त्यातली बहुतेक हिंदूच आली आणि बरी होऊन हिंदूच परत गेली. मिरजेच्या कितीतरी घरांत कोणाचं तरी बाळंतपण, कोणाचं तरी ऑपरेशन तिथलंच असतं. तुझ्या घरातही बहुधा असेल. आजींना ती गोष्ट आठवू दे, तू फक्त ऐक.

ख्रिस्ती संस्था असण्याचा एक परिणाम मात्र तुमच्या घरी कोणी बोललेलं दिसत नाही. अल्पसंख्याकांनी चालवलेल्या संस्थांना संविधानाच्या कलम 15(5) नुसार जातीनिहाय आरक्षण बंधनकारक नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कॉलेजात दाखला लावून जी जागा किंवा जी सवलत मिळते, ती तिथंही मिळेल असं गृहीत धरू नका. मुलींना फीमाफी देण्याचा महाराष्ट्र सरकारचा 2024 चा निर्णयही राज्यातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे; तो बंगळूरच्या मानसशास्त्राला लागू नाही. तुम्ही अनुसूचित जातीत असाल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती राज्याबाहेर शिकतानाही मिळू शकते. त्याची चौकशी सांगलीच्या समाजकल्याण कार्यालयात आजच करा.

आता आतेभाऊ. त्याच्यावर रागावू नकोस, त्यानं तुला सगळ्यांत कामाचं सांगितलं आहे. 85 टक्के हजेरी म्हणजे काय ते कागदावर मांड. समजा एका सत्रात 90 दिवस वर्ग भरले, तर 13 दिवसांपलीकडे गैरहजर राहता येणार नाही. त्यात ताप आला, गाडी चुकली, मावसबहिणीचं लग्न निघालं. मिरजेचा गणपती, विसर्जनाची मिरवणूक, रस्त्यावरच्या त्या उंच स्वागतकमानी यासाठी तुला चार दिवस यावंसं वाटेल, आणि बहुतेक वर्षी ते जमणार नाही. आपल्याकडच्यासारखी दिवाळीची लांबलचक सुट्टीही धरून चालू नकोस. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्रभरात पोचवते, म्हणून दर पंधरवड्याला घरी येऊ असं सगळ्याच मुली जाताना म्हणतात. माझी भाचीही म्हणाली होती. ती पहिल्या सत्रात दोनदा आली.

कपड्यांचं म्हणशील तर गणवेश नाही, पण फॉर्मल कपड्यांचा नियम आहे. जीन्स-टीशर्ट घालून वर्गात जाता येत नाही. विद्यार्थ्यांसाठीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय एकही कपडा विकत घेऊ नकोस. मिरजेतल्या शिंप्याकडून चार चांगले कुडते शिवून नेलेस तर बंगळूरच्या मॉलमधल्या खर्चाच्या निम्म्यात भागेल.

अभ्यासाचा भार मात्र मला कपड्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तिथं वर्षभर अंतर्गत मूल्यमापन चालतं, मुलं त्याला सीआयए म्हणतात. एका सत्रात अशा काही फेऱ्या होतात, त्यात निबंध, सादरीकरण, गटानं करायची कामं, सत्रामधली परीक्षा, आणि शेवटी सत्रान्त परीक्षा. तुझ्या-माझ्यासारखी मुलं बारावीपर्यंत काय करतात? दिवाळीपर्यंत निवांत, आणि जानेवारीपासून रात्र रात्र जागून पाठांतर. ती सवय तिथं पहिल्याच महिन्यात अंगाशी येते. उलट ज्या मुलीला कोणीतरी दर आठवड्याला थोडं थोडं मागितलं की बरं वाटतं, तिच्यासाठी ही पद्धत फार चांगली आहे. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलीलाही ती एका अर्थानं बरी, कारण सगळं एका इंग्रजी पेपरावर अवलंबून राहत नाही, सुधारायला मध्ये मध्ये संधी मिळतात. तू यांतली कुठली, हे तुला आणि तुझ्या आईला माहीत आहे. मला माहीत नाही, आतेभावालाही नाही. माझं स्वतःचं मत विचारशील तर ही शिस्त चांगल्या शिक्षणाची खूण आहे असं मी मानत नाही आणि तुरुंग आहे असंही मानत नाही. ती एक राहण्याची रीत आहे. काही मुली त्यात फुलतात, काहींचा जीव गुदमरतो. फर्ग्युसनमधल्या मोकळ्या हवेत वाहवत गेलेल्या मुलीही मी पाहिल्या आहेत.

शिस्तीची दुसरी बाजू सांगायलाच हवी. माझ्या त्या वसतिगृहात, ज्यानं मला इंग्रजी दिलं, संध्याकाळी सातला दार बंद व्हायचं आणि पालकाच्या लेखी पत्राशिवाय रात्री बाहेर राहता यायचं नाही. माझे आजोबा गेले तेव्हा चुलता मला न्यायला आला. पण अर्जावर वडिलांशिवाय कोणाचंच नाव नव्हतं. चुलत्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि मला सकाळी सोडलं. मी घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. नियम बनवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, एकट्या मुलींची काळजी त्यांच्यावर होती. पण ते मला चाळीस वर्षांत विसरता आलेलं नाही. म्हणून माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी सांगते: वसतिगृहात राहा की पीजीत, फॉर्मवर स्थानिक पालकाचा रकाना रिकामा सोडू नकोस. तुझा आतेभाऊ बंगळूरला आहे. त्याचं नाव, पत्ता, फोन, ओळखपत्राची प्रत पहिल्या दिवशी दे. त्याच्या जोडीला आत्या, मामा, जे कोणी कधी घ्यायला येऊ शकेल त्या सगळ्यांची नावं दे. न मागितली तरी दे.

राहण्याबद्दल एक सूचना. निवडीच्या पत्रावर आवाराचं नाव काय लिहिलंय ते नीट वाच. ख्राइस्टची बंगळूरमध्येच चार आवारं आहेत: होसूर रस्त्यावरचं मूळचं, शिवाय बन्नेरघट्टा रस्ता, केंगेरी आणि यशवंतपूर. गाझियाबादला आणि आपल्या मुळशीत लवासालाही आहेत. होसूर रस्त्यावरच्या आवाराभोवती एस. जी. पाळ्याच्या गल्ल्यांत मुलींच्या पीजी दाटीवाटीनं आहेत, चालत पाच-दहा मिनिटांत वर्ग. पण तुझं पत्र केंगेरीचं असेल तर ते शहराच्या पार दुसऱ्या कडेला, आणि बंगळूरची वाहतूक ही काय चीज आहे ते आतेभाऊ सांगेल. पत्र न वाचता ऑनलाइन पीजीची अनामत भरून बसलेली मुलं दरवर्षी भेटतात.

आता बाबा. त्यांची काळजी सगळ्यांत रास्त आहे, म्हणून त्यांच्याशी भावनेनं बोलू नकोस, आकड्यांनी बोल. 

‘फी भरली की गेली’ हे पूर्वी खरं होतं, आता तसं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018 ची अधिसूचना अभिमत विद्यापीठांनाही लागू आहे. प्रवेशाची जी अधिकृत शेवटची तारीख जाहीर केलेली असते, तिच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत करायची, त्यातून प्रक्रियेचा खर्च म्हणून फार तर 5 टक्के आणि तेही 5,000 रुपयांच्या आत कापता येतात. तारखेला 15 दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांपर्यंत 80 टक्के, 30 दिवसांपर्यंत 50 टक्के, आणि त्यानंतर काही नाही. अलीकडे आयोग दरवर्षी वेगळं परिपत्रकही काढतो. 2024-25 साठी 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा द्यायला सांगितलं होतं. तेव्हा यंदाचं परिपत्रक आणि विद्यापीठानं जाहीर केलेली शेवटची तारीख, हे दोन कागद छापून बाबांच्या हातात दे. मूळ कागदपत्रंही संस्थेनं तपासून लगेच परत द्यायची असतात, अडकवून ठेवायची नसतात. म्हणजे इथं फी भरून फर्ग्युसनच्या यादीची वाट पाहणं शक्य आहे. दहा दिवसांची टांगती तलवार तुम्हाला वाटते तेवढी धारदार नाही.

खरा हिशेब पुढेच आहे. पहिल्या वर्षाची फी गुणिले तीन, असा हिशेब करू नका. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, ऑनर्स हवं तर चौथं वर्ष. आणि मानसशास्त्रात नुसत्या पदवीवर समुपदेशक म्हणून बसता येत नाही. त्यावर एम.ए. किंवा एम.एस्सी. लागतंच. रुग्णालयात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. म्हणजे तू कमवायला लागेपर्यंत पाच ते सात वर्षं. हे तू बाबांना सांगितलंस का? नसेल सांगितलं तर आज सांग. तिसऱ्या वर्षी कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल.

एका वहीत वर्षाची फी, दरवर्षीची वाढ, परीक्षा शुल्क, राहणं, जेवण, अनामत, लॅपटॉप, कपडे, चार वेळचा प्रवास, आजारपणाची राखीव रक्कम असं सगळं लिहा. मग फर्ग्युसनचं तेच, पुण्यातल्या राहण्याच्या खर्चासकट लिहा. पुणं फीला स्वस्त असलं तरी राहायला स्वस्त उरलेलं नाही. दोन बेरजांमधला फरक किती, तेवढंच बाबांनी ठरवायचं आहे. तो फरक पदव्युत्तर शिक्षणासाठी बाजूला ठेवता येत असेल तर मी फर्ग्युसनच्या बाजूनं झुकेन, हे तुला मोकळेपणानं सांगते. पदवी कुठून घेतली यापेक्षा मानसशास्त्रात पुढची दोन वर्षं कुठे केली याला जास्त महत्त्व येतं.

कर्जाचं नाव काढलं की कारखाना तारण ठेवावा लागेल, हे बाबांच्या मनात पहिलं येईल. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी हमी योजनेखाली बँकेनं तारण मागायचं नसतं. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी योजना आणली. तिच्या यादीतल्या संस्थेत प्रवेश असेल आणि घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होण्याआधीच्या काळात, व्याजात 3 टक्के सवलत मिळते. त्या पोर्टलवर तुझ्या विद्यापीठाचं नाव आहे का ते आज रात्री पाहा. अर्ज करायला निवडीचं पत्र आणि फीचा तपशील लागतो, ते तुझ्याकडे आहेतच. आणि कर्ज घ्यायचं ठरलं तर बँकेत बाबांना एकट्याला पाठवू नकोस. सही तुझीही लागणार आहे आणि ते फेडायचं तुलाच आहे. मॅनेजर काय बोलतो ते तुझ्या कानांनी ऐक.

शेवटचं काम. दहा दिवसांतले दोन दिवस काढा आणि जाऊन पाहून या. तू, बाबा आणि आजी. हो, आजीही. बाबांना फी-विभागात नेऊन परताव्याची तारीख, फीची दरवर्षीची वाढ आणि गरजू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती काय आहे हे विचारू दे. तू फाटकापाशी उभी राहा आणि वर्ग सुटून बाहेर पडणाऱ्या दोन-तीन मुलींशी बोल. त्यांना ‘कसं आहे?’ असं विचारू नकोस, ‘छान’ म्हणतील. गेल्या आठवड्यात कशासाठी जागलात, आजारी पडलात तेव्हा कोण आलं, घरी शेवटचं कधी गेलात, हे विचार. मराठी बोलणारी एखादी भेटेलच. मग राहायची जागा पाहा. मिरजेतल्या कितीतरी आज्यांसारखी तुझ्या आजींनाही थोडीफार कानडी येत असेल तर पीजीच्या स्वयंपाकघरात त्यांनाच पुढे पाठव. तिथल्या बाईंशी त्या जे बोलून येतील त्यातून तुमच्या घरचा निम्मा प्रश्न सुटेल.

आणि निघायच्या आधी आईला विचार. बाबांचं आणि आजींचं मत तू लिहिलंस, आतेभावाचं आणि शेजारच्या काकांचंही लिहिलंस. आई काहीच बोलत नाही, एवढंच तिच्याबद्दल. ती का बोलत नाही हे तुला ठाऊक आहे का? रात्री भांडी आवरताना तिच्या शेजारी उभी राहा आणि तिला काय वाटतं ते विचार. मग मला कळव.

तुझी,
मावशी